फेरी रद्द, भरीत चालू

आमच्या खानदेशात हिवाळ्यात कुठलाही कार्यक्रम ठरला की दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, "आणि भरीत कुठे करायचं?" मुलगी बघायला पाहुणे येणार असोत, सोसायटीची सभा असो की कोणाची बदली झालेली असो, कपाशीच्या वाळक्या काड्या पेटतात, हिरवी लांबोडी वांगी त्यात पडतात आणि मूळ कार्यक्रम काय होता ते हळूहळू सगळे विसरतात. यात वाईट काही नाही. माझं माहेर असोद्याचं. असोद्याच्या बाईने भरिताला नावं ठेवली तर तिला गावात पुन्हा कोणी पाणीसुद्धा विचारणार नाही. माझं भांडण भरिताशी नाही. माझं भांडण आहे ते जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात, पेट्रोलने भरलेल्या गाड्यांच्या तोंडावर धूर जाईल अशा बेताने भरिताचा जाळ लावणाऱ्या माणसांशी.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पण आधी नानांबद्दल सांगायला हवं.

नाना म्हणजे माझे वडील. दीपनगरच्या वीजकेंद्रावर एका ठेकेदार कंपनीत ते एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. मोठ्या साहेबांची पांढरी अ‍ॅम्बेसिडर त्यांच्या ताब्यात असायची. साहेब बदलत गेले, गाडी तीच राहिली आणि नानाही तेच राहिले. नाना निवृत्त होऊन असोद्याला आले त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने ती गाडी भंगारात काढली, आणि नानांनी ती विकत आणली. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली, कारण तिच्यात तेव्हा चालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आईने आठ दिवस अबोला धरला. नानांनी दोन वर्षं लावली. भुसावळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी आणून, चहा पाजून, त्याच्याकडून इंजिन उतरवून घेतलं. पत्रा स्वतः ठोकला. न मिळणारे भाग मालेगावच्या जुन्या बाजारात उन्हातान्हात शोधले. ज्या दिवशी गाडी अंगणात पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी अबोला विसरून आईनेच तिला ओवाळलं.

एवढं करून गावात त्या गाडीचं नाव काय? "साहेबाची गाडी." नाना तिच्यातून दळण आणायला निघाले तरी पारावरून आवाज येतो, "साहेबाची गाडी कुठी चालली भो?" पंधरा वर्षं झाली, साहेबांच्या चेहऱ्यांची कोणाला आठवण नाही, पण गाडी साहेबाची. नाना हसतात आणि पुढे जातात. मला वाटायचं, त्यांना गंमत वाटते. बापाला आपण सगळ्यात जास्त ओळखतो असं समजणाऱ्या मुलींपैकी मी एक आहे.

मग तो मेसेज आला. मी धुळ्याला शाळेत शिकवते. माझ्या नवऱ्याच्या कुठल्याशा ग्रुपवर आलेला मेसेज त्याने मला पाठवला, मी नानांना पाठवला. जळगावात जुन्या मोटारींचं भव्यदिव्य प्रदर्शन. खाली दहा-बारा सूचना होत्या. त्यातली एक अशी: प्रत्येक गाडीची मैदानात फेरी होईल, आणि फेरीच्या वेळी मालकाचं नाव व गाडीचा इतिहास ध्वनिक्षेपकावरून सांगितला जाईल.

संध्याकाळी नानांचा फोन. "बाई, तू मास्तरीन आहे. मले चार ओळी लिहीसन दे."

मी लिहिल्या. शाळेच्या बक्षीस समारंभाच्या थाटात लिहिल्या. ही मोटार म्हणजे एका सरत्या युगाची साक्षीदार, वगैरे. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे युगबिग काढ." दुसऱ्या वेळी कंपनीचं नाव काढायला लावलं. तिसऱ्या वेळी साहेबांचा उल्लेख. चौथ्या वेळी "माजी चालक" हे दोन शब्द. पाचव्या वेळी फक्त एवढंच उरलं: मालक अमुक अमुक, राहणार असोदा. भंगारातली गाडी स्वतः उभी केली. स्वतः सांभाळतात. स्वतः चालवतात.

"मालक हा शब्द पहिला पाहिजे," नाना म्हणाले. "त्याच्या आधी काही नको."

पंधरा वर्षं हा माणूस पारावरून हसत हसत जात होता. त्याला कोणीतरी एकदा, भोंग्यावरून, चार गावांच्या देखत सांगायला हवं होतं की गाडी तुझी आहे. मागणी एवढीच.

आता आयोजकांकडे वळू. मी त्यांच्याकडे कधीची वळायला टपलेय.

मंडळ हौशी होतं. हौस पुष्कळ होती, मंडळ कुठे दिसत नव्हतं. चौकाचौकांत लागलेल्या फ्लेक्सवर मी मोजली नाहीत, पण तीसेक तोंडं असावीत: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, मार्गदर्शक, प्रेरणास्थान. मधोमध एक लाल मोटार. ती इंटरनेटवरून उचलली होती हे कळायला फार हुशारी लागत नव्हती, कारण तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्या जिल्ह्यातल्या एकाही गाडीचा फोटो तिथे नव्हता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

मी पंचवीस वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं काढली आहेत. मला एक गोष्ट पक्की माहीत आहे: कार्यक्रमाला प्रेरणास्थान लागत नाही. खुर्च्या कोण पुसणार, पाणी कुठे ठेवणार आणि बंद पडलं तर जनरेटर कोण चालू करणार, हे ज्याला विचारता येईल असा एक माणूस लागतो. या मंडळात तेवढा एकच नव्हता.

शिवाय मंडळाच्या कुठल्याशा बैठकीत कोणीतरी म्हणालं म्हणे, "नुसत्या गाड्या पाहायला कोण येईन भो? भरीत ठेवा." आणि बैठक तिथेच संपली असणार, कारण त्यापुढे कोणाला काही सुचलेलं दिसलं नाही. दुसऱ्या मेसेजमध्ये प्रदर्शनाचं नाव खाली गेलं आणि वर मोठ्या अक्षरांत आलं: भरीत-पुरीची मोफत मेजवानी.

सूचना होती की गाडी सकाळी सातला मैदानात हवी, उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही. आम्ही नवराबायको आदल्या दिवशीच धुळ्याहून असोद्याला आलो होतो. पहाटे उठून पाहिलं तर नाना अंगणात तयार. माझ्या लग्नात शिवलेला तपकिरी कोट अंगात. ड्रायव्हर असताना ते कायम पांढऱ्या कपड्यांत असत. त्या दिवशी पांढरं काहीच घातलं नव्हतं, रुमालसुद्धा निळा. गाडी अशी चमकत होती की माझ्या नवऱ्याने बसण्याआधी चपला झटकल्या, आणि हा माणूस देवळात जातानाही चपला झटकत नाही.

साडेसहाला मैदानात पोचलो. जळगावच्या बाहेर, प्लॉट पाडायला काढलेलं शेत होतं ते. मंडळाचं एक चिटपाखरू तिथे नव्हतं. होते ते भरीतवाले. वांग्यांची पोती उतरवून, काड्यांचे भारे रचून, चुली मांडून ते आपल्या कामाला लागले होते. मी त्यातल्या मुख्य आचाऱ्याला विचारलं, गाड्या कुठे लावायच्या?

"गाड्यांचं मले माहीत नाही ताई," तो म्हणाला. "भरीत बाराला तयार हुईन."

त्या दिवशी त्या मैदानात ज्याला आपलं काम माहीत होतं असा तो एकटा भेटला. भरीत बाराला तयार झालं. बाकी काहीच कशालाच झालं नाही.

नाना गाडीतून उतरले, मैदानाच्या कडेला गेले आणि चपलेच्या टोकाने जमीन दाबून पाहिली. चप्पल आत गेली. शेत काळ्या मातीचं, आणि रात्री तिथे पाण्याचा टँकर मारला होता. हे का, तर गाड्यांवर धूळ बसू नये म्हणून. नंतर एका बिल्लेवाल्याने हे मला अभिमानाने सांगितलं, "ताई, धुळीचा आपण पूर्ण बंदोबस्त केला आहे." काळ्या मातीवर पाणी टाकलं की काय होतं हे खानदेशात शेंबड्या पोराला माहीत असतं. या मंडळातल्या निम्म्यांच्या घरी शेती होती. पण बिल्ला लावला की माणूस शेतकरी राहत नाही, पदाधिकारी होतो.

नानांनी गाडी आत घेतलीच नाही. फाटकाजवळ ट्रॅक्टरसाठी मुरूम टाकला होता तेवढ्या पट्ट्यावर उभी केली. आठ वाजता उगवलेला बिल्लेवाला म्हणाला, काका, गाडी रांगेत घ्या. नाना म्हणाले, "इंजिन तापलं आहे, थोडं थंड होऊ द्या." डिसेंबरातली सकाळ होती, इंजिन कसलं तापतंय. माझ्या देखत नाना खोटं बोलल्याची ती पहिली वेळ.

बाकीचे भले लोक सूचना पाळणारे निघाले. नऊ वाजेपर्यंत वीसेक गाड्या आल्या आणि एकेक करून चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेघेवर नीट उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहिल्या त्या रुतल्याच. जुन्या गाड्या अंगाने जड. आधी टायरांना मातीचे लाडू चिकटले, मग टायर दिसेनासे झाले. सावद्याचा एक केळीचा व्यापारी त्याच्या आजोबांच्या वेळची उघडी जीप घेऊन आला होता. जीप कुठेही जाते असं तो येताच चारचौघांना सांगत होता. दहा वाजता तो त्याच जीपमध्ये उभा राहून मंडळाच्या नावाने ओरडत होता, कारण खाली उतरायला कोरडी जागा नव्हती.

आणि दहा वाजताच भरिताचा जाळ लागला. काड्या तडतडल्या, धुराचा लोट उठला आणि वाऱ्याने तो उचलून सरळ गाड्यांवर घातला. कोणीतरी रात्र रात्र जागून पॉलिश केलेल्या टपांवर काळी राख भुरभुरायला लागली. एका गाडीमालकाने जाऊन विचारलं, अहो, टाक्या पेट्रोलने भरलेल्या आहेत, एवढ्या जवळ जाळ? उत्तर मिळालं, "काही होत नाही भो." आमच्याकडच्या सगळ्या आयोजनाचा पाया हे चार शब्द आहेत. त्यांच्यावर आम्ही मांडव उभारतो, वरून लाइटिंग करतो आणि खाली देवाला उभं करतो. त्यानेच त्या दिवशी सांभाळलं, मंडळाने नाही.

माझा नवरा धुळ्याकडच्या खेड्यातला. तो वैतागला की अहिराणीवर येतो. चारी बाजूंनी मोटारसायकली येताना पाहून तो म्हणाला, "बठ्ठा लोके भरीत खावाले उनात. गाड्या देखाले कोनीच नही." खरंच होतं. माणसं गाड्यांच्या मधून चालत होती, पण नजर धुराकडे. मेसेज तालुक्याच्या पार गेला होता. येणाऱ्याने मोटारसायकल दिसेल तिथे लावली, आणि मैदानाकडे येणारा एकुलता एक रस्ता साडेदहापर्यंत हँडलला हँडल लागून बंद झाला. आधी पोटोबा मग विठोबा, हे ठीकच. पण इथे विठोबाच्या दारातच चपला एवढ्या साचल्या की विठोबाला बाहेर पडता येईना.

मी मात्र माझं काम सोडलं नव्हतं. नानांच्या चार ओळी स्वच्छ अक्षरात लिहून आणल्या होत्या. निवेदक सकाळपासून माइकमध्ये "हॅलो, चेक" एवढंच म्हणत होता. त्याच्या हातात कागद दिला. "पहिला शब्द मालक आहे, तो पहिलाच वाचा," मी सांगितलं. त्याने मान डोलावली, कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलला, कागद पुसला, घडी घातली आणि त्याच्या खिशात घातला. तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिला की एखाद्या वर्गात माझ्या हातचा मार खाल्ला असावा.

मग सगळे प्रमुख पाहुण्यांची वाट पाहायला लागले. पाहुणे दहाला यायचे होते. साडेअकराला अध्यक्षांचा फोन वाजला आणि त्यांचा चेहरा पडला. पाहुण्यांच्या गाड्या हायवेवरच अडकल्या होत्या. आत यायला रस्ता नव्हता. पाहुणे एका चहाच्या टपरीवर उभे होते आणि म्हणत होते, पाच मिनिटं पाहतो, नाहीतर निघतो.

सगळ्या मैदानात चाकं फिरतील अशी एकच गाडी होती. फाटकाजवळची, मुरमावरची.

अध्यक्ष धावत आले. कडक इस्त्री, छातीवर बशीएवढा बिल्ला. "नाना, मागून नाल्याकडून शिवाररस्ता आहे ना? तुम्ही असोद्याचे, तुम्हाला माहीत असेल. पाहुण्यांना घेऊन येऊ. पाच मिनिटांचं काम."

नाना म्हणाले, "मंग फेरी हुईन ना?"

"शंभर टक्के! तुमचीच गाडी पहिली."

मी म्हटलं, "नाना, नका जाऊ." का ते मला नीट सांगता आलं नसतं. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत "तुमचा नंबर पहिला" असं सांगून खुर्च्या उचलायला लावलेली पोरं मी पाहिली आहेत. कधीकधी लावणारी मीच होते.

"पाहुना ताटकळत ठेवू नये, बाई," नाना म्हणाले. "आन् आपल्याशिवाय कोणाची गाडी निघते आज?" हे म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी फुशारकी होती. ती मला बरी वाटली, म्हणून मी गप्प बसले. ती माझी चूक.

मी मागच्या सीटवर जाऊन बसले तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही उतरा. पाहुण्यांना जागा लागेल." माझ्या बापाच्या गाडीतून मला उतरवायला हा माणूस एक क्षण थांबला नाही. मी उतरले. अध्यक्ष पुढे बसले आणि गाडी शेतांमधल्या रस्त्याने गेली, आणि जाताना तिचा आवाज, खरं सांगते, फार छान येत होता.

वीस मिनिटांनी ती परत आली. ढोलवाल्यांनी ढोल बडवायला सुरुवात केली. मुरमाच्या पट्ट्यापासून स्टेजपर्यंत चिखलावर लाल गालिचे टाकले होते, त्यांच्या टोकाशी गाडी उभी राहिली. माणसं धावली, फोन वर झाले.

अध्यक्ष पुढच्या सीटवरून उतरायला धडपडत होते. मागचं दार उघडायला कोणीतरी पुढे येणार, एवढ्यात नाना उतरले. बॉनेटला वळसा घालून झपाट्याने डावीकडे आले, मागचं दार उघडलं, आणि बाजूला ताठ उभे राहिले. एक हात दाराला. दुसऱ्या हाताचा तळवा वर, दाराच्या चौकटीखाली, पाहुण्यांचं डोकं पत्र्याला लागू नये म्हणून.

कोट तपकिरी होता, पण त्यामुळे काही फरक पडला नाही. पाहुणे त्यांच्याकडे न पाहता उतरले आणि गर्दीला हात जोडत पुढे गेले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला संताप आला, आणि कोणावर ते कळेना.

निवेदकाला तेवढ्यात सूर सापडला. "आदरणीय पाहुण्यांचं ऐतिहासिक मोटारीतून आगमन! आणि त्यांना सुखरूप आणणाऱ्या आपल्या ड्रायव्हरकाकांसाठी पण जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. चांगल्या जोरात झाल्या. कागद त्याच्या खिशातच होता, त्याचं टोक मला लांबून दिसत होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तिथे थोडक्यात असं काही नव्हतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पाहुण्यांचा सत्कार अध्यक्षांनी केला, अध्यक्षांचा कार्याध्यक्षांनी, कार्याध्यक्षांचा उपाध्यक्षांनी, आणि उपाध्यक्ष बरेच असल्यामुळे शाली संपल्या तेव्हा पाहुण्यांच्या अंगावरची परत घेऊन वापरतात की काय अशी मला भीती वाटली. पाहुण्यांनी भाषणात आपण लहानपणी अशाच गाडीत बसलो होतो असं सांगितलं. एकाही गाडीपाशी ते गेले नाहीत, जाणार कसे, मध्ये चिखल होता. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, ते पाहून अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, आणि निवेदकाने माइक घेतला. "वेळेअभावी मोटारींची फेरी रद्द करण्यात येत आहे. भरीत चालू झालेलं आहे. सर्वांनी लाभ घ्यावा."

लाभ असा घेतला लोकांनी की बघत राहावं. ताटं वाटली, पण टेबलं मांडायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खाली चिखल. उभ्याने पुरी मोडायला तिसरा हात लागतो. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की जुन्या मोटारींची बॉनेटं रुंद असतात, सपाट असतात आणि बरोबर कमरेच्या उंचीला असतात. दहा मिनिटांत प्रत्येक गाडीभोवती पंगत बसली. बॉनेटावर भरीत, मडगार्डावर कांद्याच्या फोडी, हेडलाइटला टेकवलेला पाण्याचा ग्लास. तेलाचे ओघळ रंगावरून खाली. सावद्याचा व्यापारी आधी ओरडला, मग त्याचा घसा बसला, आणि शेवटी मी पाहिलं तेव्हा तो स्वतःच्याच बॉनेटावर ताट ठेवून जेवत होता. भरीत खरोखर उत्तम झालं होतं, हेही सांगायला हवं.

मी स्टेजवर गेले. अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता.

"अहो ताई, फेरी झाली की!" त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "पाहुण्यांना घेऊन आली तीच फेरी. उलट सगळ्यात मोठा मान तर तुमच्याच गाडीला मिळाला. बाकीच्यांनी काय म्हणावं?"

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. गाडीत पाहुणा बसला म्हणजे गाडीचं सोनं झालं, असं त्याला मनापासून वाटत होतं. गाडी कोणाची हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

मी निवेदकाच्या खिशातून कागद काढला, टेबलावरचा माइक उचलला आणि वाचायला लागले. "मालक," मी म्हणाले. खणखणीत म्हणाले, वर्गात म्हणते तसं. काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले. खाली पाहिलं तर माइकवाला वायरीची गुंडाळी खांद्याला अडकवून भरिताच्या रांगेत उभा होता. समोर हजारभर पाठी होत्या. लांब फाटकाजवळ गाडीला टेकून नाना उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते. माझे ओठ हलताना त्यांना दिसत असतील. काय वाचतेय तेही कळलं असेल. पाच वेळा त्यांनीच तर लिहून घेतलं होतं.

बाकीच्या गाड्या काढायला संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर चालले म्हणे. आम्ही दुपारीच नाल्याकडच्या रस्त्याने निघालो. वाटेत नवऱ्याने एकदा भरिताचा विषय काढला आणि माझं तोंड पाहून परत घातला.

घरी आल्यावर नानांनी कोट काढून खुंटीला लावला, बादली भरली आणि राख धुवायला घेतली. मी ओट्यावर बसून सुरू झाले. टँकर, चिखल, जाळ, रस्ता, शाली, माइक. एकेकाचा उद्धार केला. उद्या पेपरला पत्र लिहिते म्हणाले. अध्यक्षांना फोन करून असं ऐकवते की पुढच्या जन्मी बिल्ला लावायचा नाही. फेरी तर दिली नाहीच, वर माझ्या बापाला ड्रायव्हर केलं, म्हणाले.

नाना टप पुसत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मग फडकं बादलीत पिळत म्हणाले, "त्याइले काहून शिव्या देते, बाई? दार उघडा असं मले कोणी म्हटलं नव्हतं."

"गाडी थांबली, आन् मीच उतरलो," नाना म्हणाले. "पाय आपोआप तिकडे गेले. हात वर गेला तवा मले कळलं, मी काय करू राह्यलो ते. मंग दार सोडून देता येते का? माणूस उतरत होता."

एवढं बोलून ते दुसऱ्या बाजूला गेले आणि मागचं दार पुसायला लागले. मी ओट्यावरच होते. मंडळाच्या चुका मला पहिलीपासून शेवटपर्यंत पाठ होत्या, आजही आहेत. ही एक चूक कोणाच्या नावावर घालायची ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. मी दुसरं फडकं घेतलं आणि खाली उतरले.